तीन ड्रिलांना दोनाची हवा

राहुरी पोलीस ठाणे. तारीख ९ डिसेंबर १९४८, सकाळी साडेदहा.

मी पीरमहंमद बाबाजान शेख, वय ३८, धंदा कंप्रेसर चालवणे, राहणार झेंडीगेट, अहमदनगर, हल्ली मुक्काम देवळाली प्रवरा, समक्ष हजर राहून सांगतो की,

लढाईच्या काळात मी लष्कराच्या वर्कशॉपात मेकॅनिक होतो. दोन महिन्यांपासून ठेकेदार आप्पासाहेब यांच्या विहिरीच्या कामावर कंप्रेसर चालवतो. हा कंप्रेसर मिनिटाला एकशे पाच घनफूट हवा देतो. खडकाला भोक पाडणारे एक ड्रिल पन्नास घनफूट खाते. म्हणजे दोन ड्रिले चालतील, तिसरे नाही. हे गणित शाळेची पायरी न चढलेल्यालाही येते. आप्पासाहेबांनाही येते.

सोमवारी त्यांनी तिसरे ड्रिल आणून जोडले. हवेच्या दाबाचा काटा नव्वदावरून पन्नासावर आला. मी तिथल्या तिथे सांगितले, "आप्पासाहेब, एका म्हशीच्या दुधावर तीन घरं न्हाई जगत. एक ड्रिल काढा." ते म्हणाले, "तू तुझं इंजिन बघ. मालकाला संक्रांतीच्या आत पानी दाखवायचंय." तिथे दहा माणसे हजर होती. कोणालाही विचारा.

सुरुंग उडवल्यावर जुन्या भोकांची बुडे खडकात राहतात. कधी सुरुंगाची एखादी कांडी न उडता तळाशी अडकते. म्हणून सगळी ड्रिले थांबवून, हवेच्या नळीने प्रत्येक भोक फुंकून चिखल काढायचा, आत बघायचे, मगच काम धरायचे, अशी आमची रीत आहे. काल सकाळी आप्पासाहेब म्हणाले, "थांबायचं न्हाई, ड्रिलं चालू ठिवून फुंका." तीन ड्रिले हवा ओढत असताना नळीला काय उरणार? कपाळ? चिखल आतच राहिला.

सूर्यभान हा ड्रिल धरणारा, वय पंचवीस. हवा कमी म्हणून त्याचे ड्रिल कोऱ्या खडकाला दातच लावत नव्हते, नुसते घसरत होते. वरून आप्पासाहेब ओरडले, "झोपलास व्हय रं?" तेव्हा त्याने जुन्याच भोकात ड्रिल घातले, कारण तिथे तोंड आयते मिळते. असे करू नये हे त्यालाही माहीत होते. पाऊण घटकेत तळाशी धडाका झाला. वेळ सकाळी सव्वानऊ. मी दोर धरून खाली उतरलो. त्याला बाहेर काढला तेव्हा तो मलाच विचारत होता, "पीरूभाई, अंधार का केला?" त्याचे दोन्ही डोळे गेले आहेत. तो नगरच्या दवाखान्यात आहे.

आप्पासाहेबांनी काल आपल्याकडे लिहून दिले की, ड्रायव्हरने इंजिन नीट चालवले नाही, म्हणून हवा कमी पडली. हे धडधडीत खोटे आहे. इंजिन जोमात होते. खाणारी तोंडे जास्त होती. उलटा चोर कोतवालाला दटावतो, तो असा.

माझी चूक मी सांगतो, तीही लिहा. सोमवारी काटा पन्नासावर बघूनही मी इंजिन बंद केले नाही. नोकरीला भ्यालो. माझा मलाच संताप येतो.

आज सकाळी सात वाजता कामावर गेलो तर तिन्ही ड्रिले पुन्हा जोडलेली. सूर्यभानच्या जागी त्याचा सख्खा धाकटा भाऊ सहादेव उभा केला होता. त्याची आई भीमाबाई विहिरीच्या काठावर हात जोडून म्हणत होती, "येक गेला, ह्याला तरी ऱ्हाऊ द्या." आप्पासाहेब म्हणाले, "बाई, आत्ता हितं रडू नका, कामाचा येळ हाय." आणि मला म्हणाले, "चालू कर."

मी केले नाही. इंजिन फिरवायचे हँडल काढले आणि चालत इथे आलो. ते समोर टेबलावर ठेवले आहे. दुसरे हँडल तिथे नाही. चोरीचा गुन्हा लावायचा तर खुशाल लावा, अटक करा. पण तिसरे ड्रिल विहिरीतून निघेपर्यंत हे हँडल त्या माणसाच्या हातात देऊ नका.

जबाब हवालदारसाहेबांनी मोठ्याने वाचला, मी ऐकला. मी बोललो तेच यात आहे, बरोबर आहे. खाली उर्दूत सही केली.

पीरमहंमद बाबाजान शेख