शंकररावांची गार आंघोळ

शंकरराव : ...आणि आमचे आबा बुवापाड्याला मोरीच्या दारात उभे राहून ओरडायचे, 'शंकऱ्या, गार पाणी पाठीला, दुखणं टांग खुंटीला.' अजून कानात आहे तो आवाज. सगळी नोकरी झाली कंपनीत, पण गरम पाण्याला बोट लावलं नाही. गीझर म्हणजे चैन, वैष्णवी. चैन भाडेकरूची, लाइटबिलही भाडेकरूचं.

वैष्णवी : बिल मीच भरते, काका. पण वर आम्ही नवरा-बायको दोघंच. त्यात राजरत्न रात्रपाळीला. आणि बिल बघाल तर वाटेल, वर लाँड्री काढलीय.

शंकरराव : मग बटण बंद करायला शिका.

द्रौपदी : अहो, तिला चहा तरी पिऊ द्या.

वैष्णवी : काल प्लंबर आणला होता, काकू. तो म्हणाला, तापलेलं पाणी मागं जाऊ नये म्हणून गीझरला वॉल्व असतो, तो गेलाय. आम्ही तापवतो आणि पाणी पाइपातून खाली पळतं.

शंकरराव : खाली म्हणजे?

वैष्णवी : तुमच्या बाथरूममध्ये.

शंकरराव : अगं, मी गार पाण्यानं आंघोळ करतो. गरम आलं असतं तर मला कळलं नसतं?

वैष्णवी : तेच विचारायला आले. आंघोळीला तुम्ही गाता ना?

शंकरराव : गातो. मग?

वैष्णवी : दिवाळीपासून, भर थंडीत, कडवी लांबवून लांबवून. गाणं तुमच्या गळ्याचं, बिल आमच्या माळ्याचं. आज मात्र गाणं नव्हतं.

शंकरराव : घसा बसला होता.

वैष्णवी : घसा मोकळा होता, काका. पहिल्या तांब्याला जी हाक मारलीत, त्यावर नाक्यावरचा शेअर रिक्षावाला थांबला. त्याला वाटलं, एक सीट येतेय.

द्रौपदी : तरी म्हटलं, आज 'आई गं' कुठून आलं.

वैष्णवी : आज मी गीझर लावलाच नाही.

शंकरराव : पाय घसरला होता माझा.

द्रौपदी : पुरे हो. तुमची बादली रोज कोण भरतं? नळाला कसं पाणी येतं ते मला विचारा.

शंकरराव : तुला माहीत होतं?

द्रौपदी : पहिल्या दिवशी हात पोळला. सांगायला बाहेर आले, तर तुम्ही ओल्या मिशीला पीळ देत शेजारच्या शिवरामला गार पाण्याचे गुण सांगताय. म्हटलं, बघू किती दिवस टिकतात हे गुण. माझीही भांडी सुखात निघत होती. तुझ्या बिलाचं डोक्यात नाही आलं गं, वैष्णवी. चुकलं माझं.

वैष्णवी : तुमचं काही नाही, काकू. पण बदलापूरला खोली बघून आलोय आम्ही. सोडायची हौस नाही, पण दोन घरांचं पाणी तापवायला परवडत नाही. काका वॉल्व बदलायला नाही म्हणाले तर टेम्पो सांगते.

शंकरराव : टेम्पो-बिम्पो नको. वॉल्व मी बसवून देतो. जास्तीचं जे बिल आलं, ते भाड्यातून वळतं कर.

द्रौपदी : बाई, सूर्य कुठं उगवला आज. पण मला एक सांगा. अंगावर कढत पाणी घेत होता, मग घरात एका शब्दानं बोलला का नाहीत? फुकटचं म्हणून?

शंकरराव : फुकटचं कशाला. वैष्णवी, तू जा बघू वर.

वैष्णवी : चहा संपायचाय, काका.

शंकरराव : (कपातली साय बोटानं बाजूला करत) मला वाटलं, थंडी पडली म्हणून तू गुपचूप आधी उठतेस, गॅसवर आधण ठेवतेस आणि बादलीत ओततेस. म्हटलं, विचारलं तर लाजशील. आणि मग ओतायची नाहीस.