पंपाची पाळी

माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती ओव्हरसियर रामनाथराव, आणि सांडोर, भुईगाव, आगाशीहून कामंधामं टाकून आलेल्या बंधुभगिनींनो,

मघाशी पाहुण्यांनी हसत विचारलं, रुळांखालून पायी जायचं एवढंसं भुयार, त्याला सात वर्षं आणि तिप्पट खर्च कसा? आता म्हणे मुंबईत जमिनीखालून आगगाडी न्यायची बोलणी आहेत. जरूर न्या. पण आधी आमचं ऐका.

खाली वाळू असते आणि चार हातांवर पाणी. पंप थांबला की खड्ड्याच्या भिंती आत येतात. वर गाड्या चालूच, म्हणून वीतभर खणायचं, फळ्या ठोकायच्या, मग पुढची वीत. रामनाथरावांनी हे आम्हा वाडीवाल्यांना दहादा समजावलं. आम्हाला एवढंच दिसलं, की पंप लागला आणि आमच्या विहिरी आटल्या, केळींनी माना टाकल्या.

आमच्याकडे एका विहिरीवर चार घरं पाळीने रहाट चालवतात. पाळी संपली की बैल सोडायचा. नाही सोडला तर दुसरा येऊन सोडतो, आणि त्यावरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. आम्हाला वाटलं, पंप म्हणजे पाळी न सोडणारा रहाट!

बावन्न सालच्या एप्रिलात, मजूर रुळांपलीकडे जेवायला बसलेले बघून आम्ही पाच जण कोयते घेऊन गेलो. "आता आमची पाळी," म्हणालो. पंपवाला आडवा आला. त्याला दात पडेपर्यंत मारलं आणि पंपाचा पट्टा कोयत्याने तोडला.

खाली कुणी असेल असं मनातही आलं नाही. खाडीकडचा हरेश्वर एकटाच फळ्यांना पाचरी मारत होता. त्याची हाक आली, "पंप चालू करा रं! पानी भरतंय!" आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो. मग वाळूची भिंत फळ्यांसकट आत बसली. रामनाथरावांनी भरल्या ताटावरून उठून, धावत येऊन खड्ड्यात उडी घेतली, आणि त्यांची तीन बोटं फळीखाली चिरडली. हरेश्वरचं प्रेत दुसऱ्या दिवशी निघालं. तोंडात वाळू होती.

पंपवाल्याला "बोललास तर मान उडवू" असं सांगून आम्ही त्याच्या गावी पिटाळलं. चौकशीत आम्ही पाचांनी सह्या केल्या, की पट्टा झिजून तुटला. दोष रामनाथरावांच्या देखरेखीवर गेला. काम दोन वर्षं बंद, खड्डा बुजवला, परत खणला. पाहुणे, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हे.

हरेश्वरची बायको भागूबाई रामनाथरावांच्या तोंडावर थुंकली होती. "माजा मानूस तू मारलास!" त्यांनी तोंड पुसलं नाही. मी शेजारीच उभा होतो.

पट्टा मी तोडला. या जगन्नाथने. त्या भुयारात मी आजवर पाऊल ठेवलेलं नाही, जीव मुठीत धरून रूळ ओलांडतो.

रामनाथराव, हा हार तुम्हाला फार उशिरा मिळाला. सभेने शांतपणे ऐकलं, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल ते पोटात घाला. कोयत्याचं मात्र पोटात घालू नका, ती माफी सभेच्या हातात नाही.

भागूबाई, तू पहिल्या रांगेत बसली आहेस. मी खाली येतो. माझ्या तोंडावर थुंक.