माशी कुठे शिंकली

निवड समितीच्या साहेबांनो, 'डोळे गेले' असा शेरा मारून तुम्ही ज्या पिस्तूल नेमबाज बाईला संघातून वगळलंत, ती काल चष्म्याच्या दुकानात माझ्या शेजारी बसली होती. सोबत तिची नणंद होती.

"वहिनी, निशाणाचा कागद अंधुक दिसतो हे त्यांना सांगायची काय गरज होती?"

"अगं, तो अंधुकच दिसायला हवा. डोळा एका वेळी एकच गोष्ट स्पष्ट बघतो. नळीच्या टोकावरची माशी स्पष्ट दिसली, तर नेम लागतो."

"माशी?"

"तिथल्या खुंटीला माशीच म्हणतात."

"मग ही माशी शिंकली कुठे?"

"चाळिशीत. हल्ली तीही धूसर झालीय. वाचायचा चष्मा पुस्तकापुरता, आणि लांबचा लावला तर कागद लख्ख, माशी गायब."

तेवढ्यात चष्मेवाल्याने तिला खुर्चीत बसवलं.

"बाई, हे पेन पिस्तुलासारखं हात लांब करून धरा. डोळ्यापासून टोकापर्यंत मोजतो. नंबर त्याच अंतराचा काढू."

"जरा बाजूला उभे राहा हो. हिने असा हात धरला की घरात आमचा दादा खाली वाकतो."

"ही काच बघा. आता?"

"टोक अगदी सुईसारखं दिसतंय."

"आणि समोरचा तक्ता?"

"अंधुक."

"मग जमलं."

"वहिनी, रविवारी फेरचाचणीत पुन्हा विचारलं तर?"

"हेच सांगणार. कागद अंधुक दिसतो."

साहेबांनो, रविवारी तुम्ही तिची गोळी कुठे लागली ते बघणार आहात, की तिचं उत्तर ऐकूनच तिला घरी पाठवणार आहात? ते आजच सांगा.