तिसरं तिकीट

अकोले गावाहून शेंडीला निघालेली एसटी खच्चून भरली होती. निवेदिता दांडी धरून उभी होती. समोरच्या बाकावर एक म्हातारं जोडपं होतं, आणि त्यांच्या शेजारी ऐटीत बसलेली एक पिशवी.

"ताई, ती जागा आमच्या नातीची हाय," म्हातारा म्हणाला. "तिकीट काढलंय तिचं."

"कुठं आहे नात?"

"मागं. पहाटंच सायकलीवर निघालीय, आत्ताच गाडीनं मागं टाकली. आमी शेंडीला लेकीकडं निघालो, तर ही म्हनली, मी प्रवरेच्या काठानं सायकल हानीत येते."

"मग तिकीट कशाला?"

"विठ्याच्या घाटात दमली, म्हंजी राजूरला गाडी थांबती, तितं बसंल की."

"न्हाई दमायची," खिडकीतली म्हातारी म्हणाली.

"तुला काय ठावं? त्यो चढ बैलाला फेस आनतो."

"बैलामागं वझं असतं. ही हौसंनं चाललीय."

राजूरच्या स्टँडवर गाडी बराच वेळ थांबली. ड्रायव्हर चहा पिऊन परत येईपर्यंत खिडकीखाली घंटी वाजली.

"आजोबा, चढले घाट."

"अश्विनी, दमली आसशील. ये वर. सायकल टपावर टाकू."

"आता तर रंध्याचा धबधबा लागंल. तो सोडून गाडीत बसू? आजी, भाकरी दे."

आजीनं पिशवीतली भाकरी खिडकीतून खाली दिली. सायकल वळणापाशी पोचली, तसा म्हातारा खिडकीकडं वाकून ओरडला, "आत्याला सांग, म्हातारा-म्हातारी मागनं येत्यात."

मग त्यानं पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा ताई. तिकीट काढलेलं हाय."