सगळ्यांना पाठ असलेलं धृपद

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक आत्या आणि तिचा भाचा बसले होते.

“आत्या, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही बघ.”

“माझ्या काळजीनं?”

“ती आहेच गं. पण लोकगीतांच्या चालींची आमची सूची उद्या छापायला जातेय, आणि घोळ झालाय. सुरुवातीच्या सुरांवरून चाल शोधायची, अशी ती सूची. आणि अप्पाआजोबांच्या हस्तलिखितातलं प्रत्येक गाणं धृपद गाळून अंतऱ्यापासूनच सुरू होतं! काल लक्षात आलं. आता ती गाणी कुणाला सापडायची?”

“धृपद पोराटोरांनाही पाठ होतं. ते कशाला लिहितील अप्पा?”

“आता कुणाला पाठ आहे?”

“मला आहे की.”

“मग एखादं म्हणतेस?”

“इथं? अरे, घशाचं ऑपरेशन आहे माझं!”

“म्हणूनच.”

“म्हणजे नंतर आवाज राहायचा नाही, असंच ना?”

“तसं नाही गं आत्या. डॉक्टर म्हणाले, आवाज राहील—”

“‘बहुतेक राहील’ म्हणाले. मीही तिथंच बसले होते.”

“राहू दे. नको म्हणूस.”

“गप. मोबाइल काढ. आणि आधी डोळे पूस, तुझं मुसमुसणं चालीत यायला नको.”