रेघांमधलं धुकं

—नाही नाही, आवाज बंदच ठेवलाय, नुसतं बघा. हे तुम्ही आहात डॉक्टर, म्हणजे तुमचं मागच्या वेळचं भाषण. डावीकडून उजवीकडे वेळ सरकते, खाली जाड आवाज, वर बारीक, आणि जिथे उजेड जास्त तिथे जोर जास्त. स्पेक्ट्रोग्राम म्हणतात, मी आपलं चित्र म्हणते. आणि हा मधेच उभा पांढरा फटकारा दिसतोय ना — हा तुमचा खोकला. घशाचे डॉक्टर, घसा जपा म्हणून सांगताय आणि नेमकं तिथेच खोकताय — हसा हसा, मीही हसले होते. आता बघा, माऊसनं त्याच्याभोवती कुंपण घातलं, एक बटण दाबलं — गेला. आजूबाजूचा आवाज घेऊन तो खड्डा बुजवला की कुणाला पत्ता लागत नाही. खुर्ची करकरली, बाहेर कुणी हॉर्न दिला, कुणाचं पोट गुरगुरलं — सगळं वेचून काढते मी, तांदळातले खडे काढावेत तसं. माझ्या हाताखालून गेलेल्या फाइलीत कुणी कधी खोकत नाही.

बसा ना, काचेपलीकडे यांचं वाचन आटपलं की तुमचंच रेकॉर्डिंग. लाल दिवा आहे तोवर आत जायचं नाही. आपलं बोलणं? छे, काच जाड आहे, त्यांना काही ऐकू येत नाही. तर — तेवढ्यात एक विचारू का? दवाखान्यात नाही आहात, तरी विचारते. हे जे आत वाचताहेत ना, कादंबऱ्या वाचतात आमच्यासाठी, लोक फिरताना, भांडी घासताना कानाला लावून ऐकतात. ही त्यांची उन्हाळ्यातली फाइल. या आडव्या रेघा बघा, एकावर एक, विंचरून ठेवल्यासारख्या. असा आवाज मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. आणि हे इकडे — हे आत्ताचं, वाचताहेत तसं उमटतंय. दिसतंय? रेघांच्या मधे धुकं. रेघ चालता चालता तुटते, पुन्हा जुळते, आणि इथे बघा, दोन रेघांच्या मधे तिसरीच उगवली. मला आधी वाटलं माईक बिघडला, माईक बदलला. मग वाटलं वायर — वायर बदलली, पंखा बंद केला, एसी बंद केला. पण तुम्ही त्याच माईकवर बोलता आणि चित्र स्वच्छ येतं. म्हणजे धुकं खोलीत नाहीच.

सर्दी असेल, हो ना? मी आपली रोज म्हणते, सर्दी आहे. पण सर्दी जाते ना डॉक्टर, ही जायचं नावच घेत नाही, आणि हल्ली घास गिळताना मान जराशी डावीकडे कलवतो, पाणी पितानासुद्धा, आणि झोपेत श्वास घेताना कसलातरी बारीक आवाज —

असं काय बघताय?

हो. नवरा आहे माझा. सांगणार नव्हते. त्याला कसं कळलं नाही? — कसं कळणार? माणसाला स्वतःचा आवाज आतून, हाडातून ऐकू येतो, तुमच्याच भाषणात आहे हे. बाहेरून तो ऐकतो ते मी ऐकवलेलं. रोज बाहेर आला की चहाचा कप घेतो आणि म्हणतो, चल, ऐकव. त्याचा चहा होईपर्यंत मी पुसून घेते. धुकं पुसते, तुटलेली रेघ जोडते, आणि जिथे जोडण्यासारखं काही उरलंच नाही तिथे उन्हाळ्यातला शब्द उचलून चिकटवते. पहिल्यांदा एकच वाक्य खरखरलं होतं, म्हटलं कशाला त्याचं मन खट्टू करायचं, या आवाजावरच तर जगतो तो. मग हातालाच सवय लागली. तो खूश होतो, म्हणतो, बघ, आवाज अजून तस्साच आहे. आणि परवा मी म्हटलं, घसा दाखवून येऊ या, तर मलाच वेड्यात काढलं. म्हणे, कालच तर ऐकलं आपण, काय झालंय माझ्या आवाजाला? इतकं बेमालूम काम केलंय की आजारी माणूसच मला सांगतोय, मी ठणठणीत आहे.

सर्दी म्हणा ना. — त्या तिसऱ्या रेघेवर बोट का ठेवलंत? काय असू शकतं? नको, नका सांगू. नाही, सांगा — मला नको, त्याला सांगा. मला भीती वाटते डॉक्टर. आजच? आजच तपासायला हवं? नुसतं सांगून ऐकायचा नाही तो. स्वतःच्या कानाशिवाय कुणावर विश्वास नाही त्याचा.

लाल दिवा विझला. येतोय. तुम्ही उठू नका, तुमचं रेकॉर्डिंग राहू दे आज.

ये. नाही, चहा नंतर, आधी बस इथे. हो, डॉक्टर थांबलेत, त्यांना घाई नाही. झालंय तयार — म्हणजे पुसलं नाहीये. आज काहीच पुसलेलं नाही. हे घे, कानाला लाव. शेवटपर्यंत काढायचा नाही हेडफोन. आणि माझ्याकडे बघू नकोस.

ऐक.