मुकेशभाईंनी तीनदा बदललेली केबल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे उपाध्यक्ष माननीय दौलतराव म्हसकर साहेब, आदरणीय प्राचार्य मॅडम, आमचे कार्यालय अधीक्षक राजेंद्र सर, आजचे सत्कारमूर्ती मुकेश तलरेजा, म्हणजे आपल्या सगळ्यांचे मुकेशभाई, उल्हासनगर कॅम्प एकहून खास आलेल्या त्यांच्या पत्नी, सर्व प्राध्यापक, कार्यालयातले माझे सहकारी आणि विद्यार्थी मित्रहो, सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

मी द्रौपदी रोकडे, कार्यालयात लिपिक. मला भाषणाची सवय नाही. आमच्या घरात बोलण्याचं खातं माझ्या मिस्टरांकडे होतं. याच सभागृहात, याच माइकवर, प्रत्येक निरोप समारंभाचं सूत्रसंचालन जयदेव रोकडे करायचे. दौलतराव साहेबांना आठवत असेल, एकदा तर पाहुणे बोलून बसले तरी यांचं प्रास्ताविक संपलं नव्हतं. मी तेवढा वेळ घेणार नाही. कागदावर लिहून आणलं आहे.

मुकेशभाई आज, एकतीस ऑक्टोबरला, निवृत्त होत आहेत. संगणक विभागात त्यांनी काय काय केलं ते प्राचार्य मॅडमनी सांगितलं. मला फक्त एका संगणकाबद्दल सांगायचं आहे. कार्यालयात खिडकीशेजारी चौथं टेबल आहे, तिथला.

जानेवारी २००८ मध्ये मिस्टर गेले. संस्थेने मोठ्या मनाने मला त्यांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर घेतलं. सोळा जूनला मी रुजू झाले. पत्रात लिहिलं होतं की पहिल्या महिन्याचा अहवाल समाधानकारक असेल तर पुढची नेमणूक. आमची मुलगी मनाली तेव्हा बारावीला होती. तो अहवाल माझ्यासाठी काय होता, हे वेगळं सांगायला नको.

मला टेबल मिस्टरांचंच मिळालं आणि संगणकही त्यांचाच. मी एमएससीआयटी पास होऊन आले होते, म्हणून मनात थोडी हिंमत होती. पण पहिल्याच दिवशी स्क्रीनच्या कोपऱ्यात इंग्रजीत फुगा आला, ऑथेंटिकेशन फेल्ड, म्हणजे ओळख पटली नाही. नेट नाही. नेट नाही म्हणजे प्रवेशाचे अर्ज नाहीत, विद्यापीठाची पत्रं नाहीत, काहीच नाही.

इथे विद्यार्थ्यांना थोडं सांगावं लागेल, कारण हे सगळं तुमच्याच मोठ्या भावंडांमुळे झालं. तेव्हाची मुलं लॅबच्या भिंतीतली वायर काढून आपापले लॅपटॉप लावायची. म्हणून त्याआधीच्या दिवाळीच्या सुट्टीत नवी यंत्रणा बसली. तेव्हापासून नुसती वायर जोडून भागत नाही. संगणकाने आधी कोणाचं तरी नाव आणि पासवर्ड सांगायचा, सर्व्हर रूमने ते तपासायचं, आणि मग वाट मोकळी.

मला नाव आणि पासवर्डची चिठ्ठी मिळाली होती. ती पर्समध्ये जपून ठेवली होती. पण संगणक ती विचारतच नव्हता. शेजारच्या टेबलावर चौकट यायची, नाव टाका म्हणायची. माझ्याकडे नुसता तो फुगा. मला वाटलं, क्लासमध्ये मी ज्या दिवशी गैरहजर होते त्याच दिवशी हे शिकवलं असणार.

मुकेशभाई आले. वाकून पाहिलं, टेबलाखाली गेले आणि वर येऊन म्हणाले, "भाभी, केबल गया है. नया डालता हूँ."

नवी केबल आली. फुगा तसाच. दोन दिवसांनी म्हणाले, "ये लॉटही खराब आला." पुन्हा नवी केबल. त्यानंतर तिसरी, निळ्या रंगाची. आमचे रघुभाऊ भोईर, जे रोज सकाळी सगळे संगणक चालू करतात, ते झाडू टेकवून बघत उभे होते. म्हणाले, "शेट, टेबलाखाली किती वेला जाल? वैनी, यो मशीन तुम्हाला वलखीत नाय." रघुभाऊ, तुम्ही इतकं बरोबर बोललात, आणि आम्ही सगळे हसलो.

मग मुकेशभाईंनी मला ग्रंथालयातल्या एका संगणकावर बसायची सोय करून दिली. कोणी चहा आणून देई, कोणी माझ्या वाटचे अर्ज गुपचूप भरून टाकी. सगळे फार चांगलं वागत होते. मला मात्र रोज वाटायचं, यांना माझी कीव येते आहे, मला हे काम येत नाही.

तीन आठवडे गेले. एका दुपारी राजेंद्र सरांनी मला बोलावलं. सर, हसू नका, मी तक्रार करत नाही. सर म्हणाले, "रोकडेबाई, मला खोटं लिहिता येत नाही. तीन आठवडे झाले, तुम्ही तुमच्या टेबलावर एक अर्जसुद्धा भरलेला नाही." अहवालात लिहिलं होतं, संगणकाचं काम जमत नाही. तो दुसऱ्या दिवशी प्राचार्यांकडे जाणार होता. सरांचं काही चुकलं नव्हतं. समोर दिसलं ते त्यांनी लिहिलं.

मी रडले नाही. सरळ सर्व्हर रूममध्ये गेले आणि विचारलं, "मुकेशभाई, खरं सांगा. केबलचा दोष आहे की माझा?"

ते उठून उभे राहिले. मग स्वतःची खुर्ची मला दिली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यावर ओळीखाली ओळ होती. चौथ्या टेबलावरून मागणी, नाव जे रोकडे, नाकारलं. पुन्हा जे रोकडे, नाकारलं. सकाळी आठपासून, रघुभाऊंनी बटण दाबल्यापासून, दर थोड्या वेळाने.

नवी यंत्रणा बसली तेव्हा मुकेशभाईंनी आणि मिस्टरांनी मिळून त्या संगणकात ते नाव घातलं होतं. संगणकाने ते लक्षात ठेवलं. मिस्टर गेल्यावर एप्रिलमध्ये यादीतून त्यांचं नाव कमी झालं, ते नियमाप्रमाणेच. पण टेबलावरच्या संगणकाला ते कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्याकडे नाव होतं, म्हणून तो माझं विचारत नव्हता.

मुकेशभाईंना हे दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी विचारलं, "मग सांगितलं का नाही?"

म्हणाले, "साईं, कैसे बोलता? आप नई नई आयी थी. मैं बोलूं, भाभी, साहब का नाम मिटाना पडेगा? जबान नाही उठली माझी. मैं बोला, दो दिन जाऊ दे. फिर दो दिन और."

म्हणजे तिन्ही केबली चांगल्या होत्या. कार्यालयात बहुतेकांना ठाऊक होतं. नव्हतं ते दोघांना, राजेंद्र सरांना आणि मला. आपल्याकडे माणसं अशीच चुकतात. कोणाचं मन दुखू नये म्हणून गप्प राहतात, आणि त्या गप्प राहण्यात माझी नोकरी जवळजवळ गेली होती.

मुकेशभाई म्हणाले, "दो मिनिट का काम आहे. तुम्ही ग्रंथालयात बसा, मी करून टाकतो."

मी म्हटलं, "नको. कुठे असतं ते दाखवा. मी करते."

आम्ही चौथ्या टेबलाशी आलो. ते बोटाने दाखवत गेले, मी उघडत गेले. रजिस्ट्री नावाचा भाग असतो, त्यात खूप आत एक नोंद होती. डिलीट दाबलं की संगणक विचारतो, नक्की का? मी थोडी थांबले. मुकेशभाई खिडकीबाहेर बघत होते. मग मी होय दाबलं.

वायर काढून पुन्हा लावली. चौकट आली. पर्समधली चिठ्ठी काढून मी माझं नाव टाकलं. फुगा गेला.

त्या संध्याकाळपर्यंत मी सतरा अर्ज भरले. राजेंद्र सर मागे येऊन उभे राहिले. परत जाऊन त्यांनी अहवालातली ती ओळ लाल पेनने खोडली आणि खाली सही केली. सर, आभार मानायचे राहिले होते, ते आज मानते.

पुढे मुकेशभाईंनी मला बरंच शिकवलं. संगणकाचं घड्याळ मागे पडलं तरी ओळख का पटत नाही, त्यातली कोणती सेवा बंद असली की चौकट येत नाही, हे सगळं माझ्या वहीत आहे. आता कोणाचा फुगा आला की रघुभाऊ मलाच हाक मारतात. आणि मी पहिल्यांदा केबलला हात लावत नाही.

आता शेवटचं. प्राचार्य मॅडमनी सर्व्हरच्या यादीचं काम माझ्याकडे दिलं आहे. आजपासून मुकेशभाईंचं नाव त्या यादीत राहणार नाही. पण लॅबमधल्या सहा संगणकांत ते अजून साठवलेलं आहे, मी काल मोजले. सोमवारी पहिला तास सुरू व्हायच्या आत मी ते काढणार आहे. तीन आठवडे थांबणार नाही, आणि केबलला दोष देणार नाही. पण तुम्हाला न विचारता काढायचं नाही, असं ठरवलं होतं. म्हणून सगळ्यांसमोर विचारते. मुकेशभाई, काढू ना?

त्यांनी मान हलवून हो म्हटलं. सगळ्यांनी पाहिलं.

मला बोलायची संधी दिलीत, अध्यक्ष महोदय, आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, याबद्दल मनापासून आभार. कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल किंवा एखादा शब्द जड गेला असेल, तर ही बाई पहिल्यांदाच माइकसमोर उभी आहे असं समजून सांभाळून घ्यावं. मी आपली रजा घेते.